पांढऱ्या पेटीतली वात

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. दुसऱ्यांदा तर अर्ध्याच्या वर झालं होतं. वाचून बघितलं तर सगळा दोष वाऱ्यावर ढकललेला. माझीच मला लाज वाटली. 'मी' असं लिहायला लागलो की हात आपोआप माझी बाजू घ्यायला लागतो, वकील लावल्यासारखा. म्हणून आता 'तो' म्हणून लिहितो. 'तो' म्हटलं की निदान कान तरी पिळता येतो.

तर तो.

त्याला सगळे वेधशाळा म्हणायचे. यात कौतुक किती आणि टिंगल किती हे ज्याने त्याने ठरवावं. जंगल खात्याच्या डोंगरावरच्या ऑफिसात तो कंत्राटी कामाला होता. ऑफिसच्या मागे मोकळ्या जागेत चार पायांवर एक पांढरी लाकडी पेटी उभी होती, बाजूंना खिडकीच्या झडपांसारख्या तिरक्या पट्ट्या. आत दोन थर्मामीटर. एक साधा. दुसऱ्याच्या टोकाला सुती वात गुंडाळलेली, आणि वातीचं दुसरं टोक एका छोट्या बाटलीतल्या पाण्यात. वात पाणी पिते, पाणी हवेत उडून जातं, तेवढा तो थर्मामीटर गार पडतो. हवा कोरडी असली की जास्त गार, दमट असली की कमी. दोघांतला फरक काढायचा, तक्त्यावर बोट फिरवायचं, की हवेत ओल किती टक्के ते कळतं. दिवसातून तीनदा. बस, एवढंच काम.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बारावीला दोनदा आपटल्यावर आत्याने ओळखीतून इथे चिकटवला तेव्हा तो फाइली उचलायचा. कपाटात एक पुठ्ठा गेलेलं पुस्तक सापडलं, हवामान कसं मोजावं याचं. ते त्याने पाठ केलं. उरलेलं मोबाइलवर बघून बघून शिकला. आधीचा माणूस रिटायर झाला आणि पेटीची किल्ली आपसूक याच्या खिशात आली. त्याचा त्याला केवढा अभिमान! घरी आत्या चहा टाकायला लागली तरी हा विचारायचा, "वाफ किती डिग्रीला निघते माहितीय का?" आत्या म्हणायची, "कप पुढे कर, नाहीतर वाफ तुझ्या हातावर निघेल."

आता डोंगरमाथ्यावरच्या पट्टीचं सांगतो, कारण सगळं त्या पट्टीवरच घडलं.

डोंगरावर सगळी चिडाची झाडं, म्हणजे पाइन. ओळीने लावलेली, एका वयाची, एका जातीची. चिडाची पानं म्हणजे लांब सुया, राळ भरलेल्या, आणि त्या वर्षभर गळत राहतात. पूर्वी लोक त्या गोळा करून न्यायचे, गुरांखाली अंथरायला, चूल पेटवायला. मग गुरं कमी झाली, वस्तीवर गॅस आला, गोठ्यांना सिमेंट आलं. सुयांना कुणी विचारेना. वर्षावर वर्ष थर चढत गेला. म्हणून थंडी संपता संपता, तीन आठवडे मिळतात त्यात, डोंगरमाथ्यावरची पन्नास पावलं रुंद पट्टी आपणच शिस्तीत जाळून घ्यायची. मग उन्हाळ्यात खालून आग आलीच तर माथ्यावर तिला खायला काही मिळत नाही. पलीकडच्या उतारावर वस्ती आहे, ती वाचते.

पट्टी जाळणाऱ्या टोळीचा म्होरक्या म्हणजे काडी. अंगाने काडी आणि काम काडी लावायचं, मग दुसरं काय नाव पडणार! त्याची आईसुद्धा त्याला काडीच म्हणायची. वेधशाळेपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा, पण दोघांची मैत्री अशी की डबा एकाचा आणि ढेकर दुसऱ्याचा. काडीची तपासायची पद्धत वेगळी. खालची एक सुई उचलायची, कानाजवळ नेऊन दोन बोटांत वाकवायची. नुसती वाकली तर ओली. 'टच्' करून मोडली तर तयार. झालं. पंधरा वर्षं तो असाच पट्टी जाळत आला होता आणि एकदाही आग हाताबाहेर गेली नव्हती.

पण आदल्या वर्षी पट्टीचा धूर खालच्या शहरात उतरला. दोन दिवस दवाखान्यात खोकणाऱ्यांची रांग लागली, हॉटेलवाल्यांनी वर तक्रार केली. मुख्यालयातून पत्र आलं: हवेत पन्नास टक्क्यांच्या वर ओल असेल तर आग लावायची नाही, सुया धुमसतात आणि धूर होतो. आणि रोज सकाळी मोजलेला आकडा ऑफिसात लिहून ठेवायचा.

म्हणजे आता काडीला काडी लावायला वेधशाळेचा शब्द लागणार. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या शब्दाला वजन आलं होतं. ते जरा डोक्यात गेलं, खोटं कशाला बोला.

पट्टीचा हंगाम सुरू व्हायच्या महिनाभर आधी पेटीतल्या बाटलीचं पाणी संपलं. तिथे साधं पाणी चालत नाही, बॅटरीत घालतात ते लागतं. पुस्तकात ठळक अक्षरात लिहिलंय. ते मिळतं खालच्या गॅरेजमध्ये, घाट उतरून. त्या दिवशी त्याची मोटरसायकल पंक्चर होती. त्याने ऑफिसच्या नळाखाली बाटली धरली. म्हणाला, आजच्या दिवस.

हा 'आजच्या दिवस' पन्नास दिवस चालला.

हंगामाच्या पहिल्या दिवशी आकडा आला चोपन्न. काडीची टोळी दाताळी, पाण्याचे पंप, मशाली घेऊन ऑफिससमोर तयार.

"चोपन्न," वेधशाळा म्हणाला. "आज नाही."

"अरे, चार टक्क्यांनी काय होतंय?"

"पत्रात पन्नास लिहिलंय."

"बरं बाबा. उद्या."

उद्या छप्पन्न. परवा पंचावन्न. मग अठ्ठावन्न. टोळी रोज यायची, चहा पिऊन पत्ते कुटायची. ऑफिसच्या मॅडम रोज कागदावर 'हवा दमट, काम स्थगित' खाली सही करायच्या. आठव्या दिवशी काडी माथ्यावर जाऊन आला आणि मूठभर सुया वेधशाळेच्या टेबलावर टाकल्या. एक उचलून त्याच्या कानाशी नेली.

टच्.

"ऐकलंस?"

"ऐकलं. मग?"

"मग काय? हिला ओल म्हणायचं का? पापडासारखी मोडतेय."

"तिला उन्हात ठेवलीस असशील."

"हो, मांडीवर घेऊन ऊन दाखवलं! अरे लेका, माथ्यावरून आत्ता आणली. तुझ्या पेटीला जरा विचार, बये, तुझी तब्येत बरी आहे का?"

टोळीतले हसले. आणि तिथे वेधशाळेचं टाळकं सटकलं. चारचौघांत हसले याचंच. तो उभा राहिला आणि म्हणाला, "हे बघ काडी, तुझ्या कानावर खातं चालत नाही. मोजायचं शास्त्र आहे. तुला आकडेवारीतलं कळत नाही तर मध्ये पडू नकोस. धूर परत शहरात गेला तर उत्तर कोण देणार, तुझी सुई?"

काडीने टेबलावरच्या सुया एकेक करून गोळा केल्या, कचरा राहायला नको म्हणून.

"तू म्हणशील तसं," म्हणाला. रागाने नाही. हेच नंतर जास्त लागलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

तिसरा आठवडा संपला तेव्हा वेधशाळेला एकदाचा वेळ मिळाला, घाट उतरून पाण्याची बाटली आणली. आणलीच आहे तर वातही बदलू म्हणून जुनी कापून काढली, नवी गुंडाळली. जुनी वात कात्रीबरोबर पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात गेली. त्या दुपारी आकडा आला चौतीस. सकाळी होता सत्तावन्न.

त्याला वाटलं, वा! धावत ऑफिसात जाऊन त्याने जाहीर केलं, "उन्हाळा एका दिवसात आला!"

कुणालाच संशय आला नाही. यायला हवा होता तो त्यालाच. आणि तोच आनंदात होता, काहीतरी मोठं टिपल्यासारखा.

त्याच दिवशी वारा सुटला. दुसऱ्या दिवशी अजून वाढला. वाऱ्यात पट्टी जाळता येत नाही. मॅडमनी लाल खडूने फळ्यावर लिहिलं, 'हंगाम बंद'. ऑफिसच्या भिंतीवर एक जुना बोर्ड होता, लाकडी, रंगवलेला: 'सलग चाळीस वर्षं एकही मोठी आग नाही'. खडू ठेवताना मॅडमनी त्या बोर्डाकडे बघितलं होतं, हे त्याला आठवतं.

आग लागली ती पाच आठवड्यांनी, दुपारी अडीचला.

खाली दगडाच्या खाणीजवळ वाऱ्याने विजेच्या दोन तारा एकमेकींवर आपटल्या, ठिणगी पडली. एवढंच. दरवर्षी कुठे ना कुठे पडते. पण त्या वर्षी पावसाळ्यानंतर एक थेंब पडला नव्हता आणि ऊन महिनाभर आधीच तापलं होतं. धूर आधी पांढरा दिसला, मग पिवळट, मग काळा. वेधशाळा वायरलेसवर बसला होता. काडीची टोळी जीपने माथ्यावर पोचली. वीस मिनिटांनी काडीचा आवाज आला. धापा टाकत होता, पण शब्द एकेक सुटा.

"पट्टीवर गुडघाभर सुया आहेत. इथे नाही थांबणार ती. वस्ती रिकामी करा. ऐकतोयस का? वस्ती रिकामी करा. आत्ता."

पट्टीवर ती थांबायला हवी होती. तिने पट्टी चार मिनिटांत ओलांडली. चिडाच्या सुयांची आग पेटत नाही, धावते. झाडाच्या सालीवरून शेंड्यात जाते आणि शेंड्याशेंड्यांवरून उड्या मारते. ऑफिसच्या मागची मोकळी जागा, पांढरी पेटी, नोंदींची वही आणि सह्यांचे कागद ठेवलेली टपरी, सगळं गेलं. वस्तीची एकेचाळीस घरं होती. एकोणीस राहिली. माणूस एकही गेला नाही, कारण काडी जीपने खाली वस्तीत उतरून घराघराची दारं बडवत होता. शेवटच्या गोठ्याचा लोखंडी अडसर त्याने हाताने काढला तेव्हा तो चुलीतल्या सळईसारखा तापलेला होता. गाय वाचली. काडीचं स्वतःचं घर पलीकडच्या गल्लीत होतं, तिकडे तो पोचलाच नाही. आईचं शिलाई मशीन आत होतं. त्या मशीनवर तिने काडीला आणि त्याच्या बहिणीला वाढवलं होतं.

वस्तीला शाळेच्या हॉलमध्ये हलवलं. बाकं जोडून बिछाने, दोऱ्यांवर साड्या आणि टॉवेल टाकून खोल्या. काडी उजव्या हाताला मोठं पांढरं बोचकं बांधून बसला होता. वेधशाळा भेटायला गेला तर म्हणाला, "ये ये. बॉक्सिंग शिकतोय. एकच ग्लोव्ह मिळाला."

चौथ्या दिवशी मुख्यालयातून चौकशीला एक साहेब आले. शाळेच्या प्रयोगशाळेत टेबल टाकलं. त्यांच्याकडे वरून घेतलेले फोटो होते आणि शहरातल्या मशीनचे आकडे होते. त्यांचा प्रश्न सरळ होता: हंगामात एकवीस दिवस मिळाले, पट्टी का जळली नाही? नोंदींची वही जळलेली, मॅडमच्या सह्यांचे कागद जळलेले. पट्टी काडीच्या जबाबदारीवर, म्हणून आधी काडीला विचारलं.

काडी म्हणाला, "राहून गेलं."

"राहून गेलं म्हणजे?"

"म्हणजे राहून गेलं, साहेब. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता."

संध्याकाळपर्यंत त्याला कामावरून थांबवल्याचा कागद हातात आला. डाव्या हाताने सही केली, कोंबडीने पाय उमटवल्यासारखी.

वेधशाळेने त्याला नळापाशी गाठलं. "असं का सांगितलंस? दमट होतं म्हणून सांगायचं ना! आकडे माझे होते."

"तू कंत्राटी आहेस रे गड्या. तुझं नाव आलं की उद्या बाहेर. मी पर्मनंट. मला फार तर सहा महिने घरी बसवतील. तसंही या हाताने काय करणार आहे?"

"पण आकडे खरे होते! हवा दमटच होती."

काडी हसला. "होती ना? मग झालं तर. सोड."

आणि वेधशाळेने सोडलं. मनाला समजावलं की काडी स्वतःहून करतोय, आपण कुठे सांगितलं. त्या दिवशी आत्याच्या घरी तो पोटभर जेवला. हेही लिहायलाच हवं: जेवला.

आत्याचं लॉन्ड्रीचं दुकान. पुढच्या खोलीत इस्त्रीची टेबलं, मागे ते दोघं राहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाफेची इस्त्री उलटी करून, चष्मा नाकावर ओढून, सुईने तिची भोकं कोरत बसली होती. वर्तमानपत्रावर पांढरा चुरा पडत होता.

"काय झालं हिला?"

"काय व्हायचंय, इथलं पाणी! खडू आहे नुसता. नळाचं पाणी घातलं की महिन्यात भोकं बुजतात, मग वाफच येत नाही. आपली वरून गरम गरम, पण काम शून्य. तुला किती वेळा सांगितलं, गॅरेजमधून ते बॅटरीचं पाणी आण म्हणून. तुझं आपलं रोजचं आजच्या दिवस, आजच्या दिवस..."

ती पुढे बरंच बोलत होती. त्याला ऐकू येत नव्हतं. तो उठला, पिशवीचा बाहेरचा कप्पा उघडला, कात्रीखालून जुनी वात काढली. कापडाची असून ती काडीसारखी ताठ होती. पांढरी, खरखरीत. वाकवली तर मोडली.

वात पाणीच पीत नव्हती. पाणी चढत नव्हतं, उडत नव्हतं, थर्मामीटर गार होत नव्हता. दोघांत फरक कमी. आणि फरक कमी म्हणजे तक्त्यात ओल जास्त. चोपन्न, छप्पन्न, अठ्ठावन्न. ती हवेची ओल नव्हती. तो नळाच्या पाण्याचा खडू होता. आणि ज्या दिवशी वात बदलली त्या दिवशी उन्हाळा आला नव्हता. तो कधीचाच येऊन माथ्यावर बसला होता, फक्त काडीने ऐकला होता.

त्याने दोन दिवस कुणाला काही सांगितलं नाही.

हे दोन दिवस मी आधीच्या दोन्ही वेळी गाळले होते. आता नाही गाळत. त्या दोन दिवसांत त्याने कारणं जमवली. तारा कुणी ढिल्या ठेवल्या? वीजवाल्यांनी. पाऊस आपल्या हातात आहे का? नाही. इतकी चीड कुणी लावली? आपण जन्माला यायच्या आधी लावली. चाळीस वर्षं साधी ठिणगी पडली की धावत जाऊन विझवली आणि बोर्डावर आकडा वाढवला, छोट्या आगी होऊच दिल्या नाहीत, म्हणून खाली एवढा पाचोळा साचला. हे सगळं खरं होतं. एकही खोटं नव्हतं. तो त्यातलं एकेक पांघरूण अंगावर ओढून बघत होता, आणि पाय बाहेरच राहत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये पाण्याची रांग लागली होती. काडीची आई बादली घेऊन उभी होती. तिच्या मागे वस्तीतलीच एक बाई, जिचं घर गेलं होतं, मोठ्याने म्हणाली, "पगार घ्यायचे आणि झोपा काढायच्या. आमची घरं गेली आणि आता हात बांधून मिरवतायत."

काडीची आई वळली नाही. तिने बादली खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि रांगेतून बाहेर आली. पाणी न भरताच. वेधशाळा तिथेच दारात उभा होता. तिने त्याला बघितलं, आणि नेहमीसारखं म्हणाली, "जेवलास का रे?"

"हो, काकू," तो म्हणाला. सकाळचे आठ वाजले होते. कुणी काय विचारलं आणि आपण काय बोललो, काही धड नव्हतं.

त्याने तिची बादली उचलली, रांगेत उभा राहिला, भरून तिच्या बाकापाशी नेऊन ठेवली. आणि तसाच प्रयोगशाळेत गेला. चौकशीचे साहेब आणि मॅडम कागद आवरत होते. दुपारी साहेब परत जाणार होते.

"मला सांगायचंय," तो म्हणाला.

"तुमचं नाव यादीत नाही," साहेब म्हणाले.

"म्हणूनच आलो."

त्याने वातीचे दोन तुकडे टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. पंक्चर मोटरसायकल, नळ, चोपन्न, छप्पन्न. काडीने आणलेल्या सुया. चारचौघांत काय बोललो ते. साहेब पेनाचं टोपण लावत होते, काढत होते. प्रयोगशाळाच ती, काचेच्या पेल्यात पाणी होतं. त्यांनी वातीचा तुकडा त्यात उभा धरला. तिघं बघत राहिले. पाणी वर चढेना. पाण्याच्या वरची वात तशीच कोरडी, खडूच्या तुकड्यासारखी.

"हं," साहेब म्हणाले. मग कागदांतून एक पान ओढून, "पण शहरातलं मशीन त्याच दिवसांत अडतीस-चाळीस दाखवत होतं. ते कुणी ताडून बघितलं नाही?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "मी एकवीस वेळा सही केली, साहेब. एकदाही माथ्यावर जाऊन बघितलं नाही. आणि काडीने सगळं अंगावर घेतलं तेव्हा मीही बोलले नाही. काडीने मलाही सांगितलं होतं. मी म्हटलं, पत्र आहे, पन्नासचं. पत्रात धुराचं लिहिलं होतं. पट्टी राहिली तर काय करायचं ते लिहिलं नव्हतं. ते पत्र कुणाच्या सहीने आलं, ते मी विचारत नाही."

साहेबांनी टोपण लावलं आणि मग बराच वेळ काढलंच नाही.

काडीला परत घेतल्याचा कागद आठवड्याने आला. वेधशाळेचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. मॅडमनी स्वतः बोलावून सांगितलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. तो म्हणाला, "बरोबर आहे." त्या म्हणाल्या, "बरोबर आहे की नाही मला माहीत नाही. नियमात आहे."

वस्तीत गोष्ट पसरलीच. पाण्याच्या रांगेतली ती बाई काडीच्या आईपाशी येऊन बसली, भाजी निवडून दिली. वेधशाळेकडे मात्र लोक बघायचे आणि नजर काढून घ्यायचे. शिव्या दिल्या असत्या तर त्याला जरा मोकळं वाटलं असतं. शिव्या फक्त आत्याने दिल्या, दिवसभर, इस्त्री करता करता. आणि रात्रीच्या जेवणाला त्याच्या ताटात नेहमीपेक्षा जास्त वाढलं.

महिन्याभराने काडीच्या हाताचं बोचकं सुटलं. तो लॉन्ड्रीत आला आणि म्हणाला, "चल, माथ्यावर जाऊन येऊ."

"मी कशाला? मी आता खात्यात नाही."

"फिरायला खात्याची परवानगी लागत नाही. चप्पल घाल."

वर सगळं काळं होतं. झाडं उभी होती पण नुसते खांब. पाऊल टाकलं की राख धुरासारखी उठायची. पक्षी नव्हते, त्यामुळे आपला श्वाससुद्धा मोठा वाटत होता. खाली वस्तीची उरलेली छपरं दिसत होती, मध्ये मध्ये पडलेल्या दातांसारख्या मोकळ्या जागा. पट्टी कुठे होती हे आता कळतही नव्हतं. काडी वाकून शोधत होता. एका मोठ्या दगडाच्या कुशीत मूठभर सुया न जळता राहिल्या होत्या. त्याने डाव्या हाताने एक उचलली आणि वेधशाळेपुढे धरली.

"वाकव."

"तूच वाकव ना."

काडीने उजवा हात पुढे केला. कातडी गुलाबी, चकचकीत. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांपर्यंत पोचत नव्हते. मध्ये पेन्सिलीएवढी फट राहत होती. "डाव्या हाताला भाषा येत नाही," तो म्हणाला. "शिकवतोय."

वेधशाळेने सुई घेतली. कानाजवळ नेली, वाकवली. टच्. इतका बारीक आवाज. पण ऐकू आलाच नाही असं कुणाला म्हणता आलं नसतं. तो तिथेच राखेत बसला.

"माझ्यामुळे झालं, काडी. सगळं माझ्यामुळे."

"सगळं?" काडी त्याच्या शेजारी बसला. "वा रे पठ्ठ्या! तारा तू ढिल्या केल्यास? पाऊस तू अडवलास? एवढी चीड तुझ्या आत्याने लावली? तो चाळीस वर्षांचा बोर्ड तू रंगवलास? आधी म्हणत होतास माझं काही नाही, आता म्हणतोस सगळं माझं. तुला मधलं काही जमतच नाही का रे?"

"वात माझीच होती."

"होती. ती तुझीच. त्यातून मी तुला सोडवत नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललास ते पण तुझं. मला लागलं ते." पहिल्यांदाच म्हणाला. राखेत रेघ ओढली, पुसली. "पण सगळं एकट्याच्या अंगावर घेऊ नकोस. लोक म्हणतील, चला, वेधशाळा गेला, वात नवी आणली, डोंगर सुरक्षित. मग परत चीड लावतील, परत बोर्ड रंगवतील, परत सुया साचतील. मला भीती त्याची वाटते."

खाली कुठेतरी हातोडी वाजत होती. कुणीतरी छप्पर घालत होतं.

"नवी पेटी आलीय ऑफिसात," काडी म्हणाला. "पांढरी शुभ्र. नवीन माणूस येणारे पुढच्या महिन्यात. तुझ्यासारखाच असणार, पुस्तक पाठ. तू लिहून ठेव."

"काय लिहू?"

"काय झालं ते. तुला टायपिंग येतं ना, सारखं टकटक करत असतोस."

"मी लिहिलं की खोटं होतं रे. एकतर वाऱ्यावर जातं नाहीतर माझ्यावर."

"मग खरं होईपर्यंत लिही. घाई काय आहे? पट्टीला अजून आठ महिने आहेत."

"एवढं लांबलचक कोण वाचणार?"

"जो वात बदलायला पेटीचं दार उघडेल तो वाचेल."

वेधशाळा उठला. हातातले सुईचे दोन तुकडे त्याने खिशात टाकले. काडीचा डावा हात धरून त्याला उठवलं. आणि म्हणाला, "लिहीन. वातीचं लिहीन, माझ्या तोंडाचं लिहीन, त्या दोन दिवसांचं पण लिहीन. तारा, चीड, बोर्ड, पत्र, काही गाळणार नाही. पट्टीच्या आधी नव्या पेटीच्या दाराला आतून चिकटवीन. आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहीन: आकडा वाचायच्या आधी काडीला विचार."